पैसे न मोजता अनेक संगणकांवर एकसारख्या फाइली ठेवण्याची पद्धत

एकाच कामाच्या फाइली दोन-तीन संगणकांवर असल्या, की कोणती प्रत ताजी आहे हा प्रश्न रोज पडू लागतो आणि पेनड्राइव्हने तो सुटत नाही. दरमहा पैसे भरून ऑनलाइन जागा घेणे हा त्यावरचा रूढ उपाय असला, तरी तो एकमेव नाही. मुक्त स्रोत (कोड सर्वांना खुला असलेली) साधने वापरून फाइली सगळीकडे एकसारख्या ठेवण्याचे, म्हणजे ‘सिंक’ करण्याचे, हेच काम आपल्याच संगणकांवर, मर्यादा न येता आणि आपला मजकूर परक्याच्या सर्व्हरवर न ठेवता उत्तम रीतीने होते. मात्र येथे एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. पैसे घेणारी कंपनी आपल्या वतीने काही निर्णय घेत असते: पुसलेली फाइल किती दिवस राखायची, दोन ठिकाणी बदल झाल्यास कोणती प्रत ग्राह्य धरायची, कोणाला आत येऊ द्यायचे. पैसे वाचवताना हे निर्णय आपल्याकडे येतात. साधन बसवायला अर्धा तास पुरतो. खरा वेळ या निर्णयांना द्यावा लागतो, आणि तो द्यायलाच हवा.

साधनांबद्दल थोडक्यात सांगतो. आरसिंक हे अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेले साधन एका दिशेने काम करते. मूळ जागेवर जे आहे ते दुसऱ्या जागी नेते, तेही बदललेला भाग तेवढाच पाठवून. युनिसन हे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील बेंजामिन पिअर्स यांच्या प्रकल्पातून आलेले साधन दोन्ही बाजूंचे बदल पाहते, परंतु आपण चालवू तेव्हाच चालते आणि मतभेद आढळल्यास, म्हणजे एकच फाइल दोन्हीकडे बदललेली असल्यास, विचारते. सिंकथिंग २०१३ पासून उपलब्ध आहे. ते पार्श्वभूमीत सतत चालू राहते, मध्यवर्ती सर्व्हरशिवाय संगणकांना थेट एकमेकांशी जोडते आणि विंडोज, मॅक, लिनक्स या तिन्हींवर चालते. रोजच्या कामासाठी सिंकथिंग आणि बॅकअपसाठी आरसिंक अशी जोडी मी सुचवतो, आणि पुढचे विवेचन त्याच क्रमाने आहे. ज्यांचे संगणक कधीच एका जाळ्यात येत नाहीत आणि मध्ये फक्त एक बाहेरची डिस्क ने-आण करते, त्यांनी फ्रीफाइलसिंक पाहावे. तेवढ्या गरजेसाठी ते अधिक सोपे आहे.

सतत चालू राहणारा एक संगणक

मध्यवर्ती सर्व्हर नसण्याचा एक परिणाम सुरुवातीला लक्षात येत नाही. फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी दोन्ही संगणक एकाच वेळी चालू असावे लागतात. संध्याकाळी कामाच्या जागी लॅपटॉप बंद केला आणि रात्री घरचा संगणक सुरू केला, तर त्या दोघांची भेटच होत नाही. सकाळी पुन्हा तोच प्रकार उलट्या दिशेने होतो. मग साधनात दोष आहे असे वाटते, पण दोष मांडणीत असतो.

यासाठी एक संगणक रात्रंदिवस चालू ठेवावा. त्याला वेगवान प्रोसेसर लागत नाही; बाजूला पडलेला जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पायसारखा लहान संगणक पुरेसा होतो. लॅपटॉप असेल तर झाकण मिटल्यावर झोपी जाण्याची सेटिंग बंद करावी, राउटरला तो शक्यतो केबलने जोडावा आणि वीज जाऊन आल्यावर सिंकथिंग आपोआप सुरू होते की नाही हे एकदा मुद्दाम तपासावे. त्याची डिस्क सर्व सामाईक फाइलींच्या एकूण आकारापेक्षा बरीच मोठी असावी, कारण जुन्या आवृत्त्याही आपण तेथेच साठवणार आहोत. या लेखात त्याला केंद्र-संगणक म्हटले आहे. उरलेले संगणक केंद्राशी जोडावेत आणि एकमेकांशीही जोडण्यास हरकत नाही. ज्याच्याकडे फाइलीचे तुकडे असतील त्याच्याकडून ते घेतले जातात.

काय सिंक करावे आणि काय करू नये

सगळा होम फोल्डर (संगणकावरील आपल्या खात्याचा मुख्य फोल्डर) उचलून सिंकमध्ये टाकण्याचा मोह आवरावा. त्यात प्रोग्रामच्या सेटिंग, तात्पुरत्या फाइली आणि ब्राउझरचे प्रोफाइल असते, आणि ते प्रत्येक संगणकाचे स्वतःचे असते. त्याऐवजी एक मुख्य फोल्डर करून त्यात दस्तऐवज, छायाचित्रे, चालू कामे असे मोजके उपफोल्डर ठेवावेत आणि प्रत्येक उपफोल्डर सिंकथिंगमध्ये स्वतंत्रपणे नोंदवावा. त्यामुळे लहान डिस्कच्या लॅपटॉपवर छायाचित्रे न घेता केवळ दस्तऐवज घेणे शक्य होते.

काही गोष्टी तर सिंक करूच नयेत. चालू डेटाबेस, ईमेल प्रोग्रामचा साठा, हिशेबाच्या सॉफ्टवेअरची उघडी फाइल, आभासी संगणकाची डिस्क यांत एकमेकांवर अवलंबून असलेल्या अनेक फाइली किंवा एकाच मोठ्या फाइलीचे अनेक भाग क्षणोक्षणी बदलत असतात. सिंक करणारे साधन एक भाग आत्ताचा आणि दुसरा काही सेकंदांनंतरचा उचलते, आणि पलीकडे पोहोचते ती कोणत्याच क्षणी अस्तित्वात नसलेली स्थिती. अशा सॉफ्टवेअरमधून निर्यात केलेली प्रत तेवढी सिंकमध्ये ठेवावी. गिट या, प्रोग्रामच्या कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातील प्रकल्पांचेही तसेच आहे: गिटचा अंतर्गत फोल्डर सिंकथिंगच्या हवाली करण्याऐवजी केंद्र-संगणकावरच एक रिपॉझिटरी (गिटचे भांडार) तयार करून तेथे बदल पाठवावेत (पुश) आणि तेथून आणावेत (पुल).

नको असलेल्या फाइली वगळण्यासाठी प्रत्येक फोल्डरच्या सेटिंगमध्ये ‘इग्नोर पॅटर्न्स’ हा भाग असतो. वर्डने उघड्या दस्तऐवजासाठी केलेल्या, ‘~$’ या चिन्हांनी सुरू होणाऱ्या लहान फाइली आणि आपल्या प्रोग्रामच्या तात्पुरत्या फाइली तेथे नोंदवाव्यात. ही वगळण्याची यादी एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप जात नाही, त्यामुळे ती प्रत्येक ठिकाणी भरावी लागते.

फाइलींच्या नावांचा विषय मराठीत काम करणाऱ्यांनी विशेष काळजीने पाहावा. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल-प्रणालीत (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीत) नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे आणि देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट लागतात. काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हे धरली जातात. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हे मावतात. विंडोजवर मात्र हीच मर्यादा बाइटमध्ये नसून २५५ चिन्हांची असल्याने तेथे सहज तयार झालेले लांबलचक नाव लिनक्सच्या केंद्र-संगणकावर उतरतच नाही. दुसरी अडचण ‘ऱ’ या अक्षराची. युनिकोड या सर्व लिप्यांच्या सामाईक संकेतावलीत ते एकसंध चिन्ह म्हणूनही लिहिता येते आणि ‘र’ अधिक नुक्ता असेही; पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ‘दौऱ्याचा अहवाल’ नावाच्या या दोन वेगवेगळ्या फाइली असू शकतात. मॅकची जुनी फाइल-प्रणाली नावे सुट्या रूपात साठवत असे. सिंकथिंग अशी नावे स्वतःहून एका रूपात आणते, पण इतर साधने वापरताना एकाच नावाच्या दोन फाइली दिसल्या तर शंका येथेच घ्यावी. याखेरीज अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारांकन, दुहेरी अवतरणचिन्ह ही चिन्हे विंडोज नावात स्वीकारत नाही, आणि रोमन नावांतील लहान-मोठ्या अक्षरांचा फरक लिनक्स मानते तर विंडोज मानत नाही. संगणक मिश्र असतील तर नावे साधी आणि आटोपशीर ठेवण्याची सवय सर्वांनी लावून घ्यावी.

जोडणी

सिंकथिंग प्रत्येक संगणकावर बसवावे. लिनक्सवर ते बहुतेक वितरणांच्या भांडारात असते, इतरांनी प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावे. सुरू केल्यावर त्याचे नियंत्रण ब्राउझरमध्ये उघडते: लोकलहोस्ट (म्हणजे हाच संगणक) हा पत्ता आणि पोर्ट, म्हणजे जोडणीच्या दाराचा क्रमांक, ८३८४. पहिले काम म्हणजे सेटिंगमध्ये जाऊन या पानाला वापरकर्तानाव आणि पासवर्ड देणे. ज्या संगणकावर एकाहून अधिक माणसे बसतात, तेथे हे टाळू नये.

प्रत्येक संगणकाला एक डिव्हाइस आयडी मिळतो. सात-सात अक्षरांचे आठ गट, अशी ५६ अक्षरांची ती ओळ असते आणि ती त्या संगणकाच्या डिजिटल प्रमाणपत्रावरून (ओळख पटवणाऱ्या फाइलीवरून) काढलेली असते. ‘अ‍ॅक्शन्स’ या यादीतून ती पाहता येते. केंद्र-संगणकाच्या पानावर ‘अ‍ॅड रिमोट डिव्हाइस’ निवडून लॅपटॉपचा आयडी भरावा. थोड्याच वेळात लॅपटॉपच्या पानावर केंद्र-संगणक जोडणी मागत असल्याची सूचना दिसते, तेथे आयडी ताडून होकार द्यावा. दोन्ही बाजूंनी नोंद झाल्याशिवाय जोडणी होत नसल्यामुळे आयडी गुप्त ठेवण्याची गरज नसते, पण सूचना आली की डोळे झाकून होकार देणे मात्र चुकीचे. संगणकांना ओळखू येतील अशी नावे द्यावीत. पुढे मतभेदाच्या वेळी ती उपयोगी पडतात.

आता फोल्डर. सर्वांत पूर्ण आणि ताजी प्रत ज्या संगणकावर आहे तेथून सुरुवात करावी, आणि त्याआधी त्या फोल्डरची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवावी. मग ‘अ‍ॅड फोल्डर’ करून तो केंद्र-संगणकाशी वाटून घ्यावा आणि पहिली फेरी पूर्ण होऊ द्यावी. दुसऱ्या संगणकावर त्याच कामाच्या जुन्या फाइली आधीपासून असतील तर त्यांच्यावरच नवा फोल्डर जोडू नये. तसे केल्यास सिंकथिंग दोन्ही संच एकत्र करते. तंतोतंत सारख्या फाइली ते ओळखते आणि सोडून देते, पण जेथे थोडाही फरक आहे तेथे मतभेदाच्या प्रती तयार होतात आणि आपण एका संगणकावर पूर्वी पुसलेल्या फाइली दुसऱ्यावरून परत अवतरतात. जुन्या फोल्डरचे नाव बदलून बाजूला ठेवावे, रिकाम्या फोल्डरमध्ये नवी प्रत उतरवून घ्यावी आणि मग सवडीने दोन्ही ताडून जुन्यातील हवे तेवढेच आणावे. यात एखादी संध्याकाळ जाते, पण पुढचे कित्येक दिवस वाचतात.

पहिली फेरी एकाच राउटरखाली करावी. घरच्या जाळ्यात काही तासांत होणारे काम इंटरनेटवरून कित्येक दिवस रेंगाळू शकते.

फोल्डरचा प्रकार बहुतेकांसाठी ‘सेंड अँड रिसीव्ह’ हाच योग्य. एखाद्या संगणकावर फाइली केवळ वाचायच्या असतील, तर तेथे ‘रिसीव्ह ओन्ली’ ठेवावे. तेथे चुकून झालेला बदल इतरत्र जात नाही आणि एका बटणाने तो मागे घेता येतो. केंद्र-संगणक दुसऱ्याच्या घरी ठेवायचा असेल तर ‘रिसीव्ह एन्क्रिप्टेड’ हा प्रकार आहे: फाइली पासवर्डने कुलूपबंद होऊनच तेथे पोहोचतात आणि त्या घरातील कोणालाही मजकूर किंवा नावे वाचता येत नाहीत.

पुसलेली फाइल

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, हे वाक्य पुष्कळदा सांगितले जाते. त्याचा प्रत्यक्ष अर्थ असा, की एका संगणकावर फोल्डर पुसला की थोड्याच वेळात तो सर्व संगणकांवरून जातो. रॅन्समवेअरने, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या घातक प्रोग्रामने, बिघडवलेल्या फाइलीही तितक्याच तत्परतेने सगळीकडे पोहोचतात.

पहिली तटबंदी ‘फाइल व्हर्जनिंग’, म्हणजे फाइलींच्या जुन्या आवृत्त्या राखणे, ही. ती मुळात बंद असते आणि प्रत्येक फोल्डरसाठी, प्रत्येक संगणकावर स्वतंत्रपणे चालू करावी लागते. तिचा एक बारकावा अनेकांना वेळेवर कळत नाही: ज्या संगणकावर ती चालू आहे, तो दुसऱ्या संगणकाकडून आलेल्या बदलामुळे झाकली गेलेली किंवा पुसली गेलेली प्रतच राखून ठेवतो. लॅपटॉपवर व्हर्जनिंग चालू करून त्याच लॅपटॉपवर फाइल पुसली, तर लॅपटॉप तिची प्रत ठेवत नाही. म्हणूनच व्हर्जनिंगची जागा केंद्र-संगणक हीच आहे. त्याच्यापुढे बसून कोणी काम करत नसल्याने सगळे बदल त्याच्या दृष्टीने बाहेरूनच येतात आणि प्रत्येकाची आधीची प्रत तेथे राहते.

प्रकार ‘स्टॅगर्ड’ निवडावा. त्यात पहिल्या तासातील आवृत्त्या दर ३० सेकंदांना एक, पहिल्या दिवसातील दर तासाला एक, पहिल्या ३० दिवसांतील रोज एक आणि त्यापुढे ठरवलेल्या मुदतीपर्यंत आठवड्याला एक अशा विरळ होत जातात. मुदत मुळात ३६५ दिवसांची असते. डिस्क तोकडी असेल तरच ती कमी करावी. सर्व बसवून झाल्यावर एक चाचणी अवश्य घ्यावी. लॅपटॉपवर चार ओळींची एक फाइल लिहावी, ती केंद्रावर पोहोचली की बदलावी, मग पुसावी आणि केंद्र-संगणकाच्या पानावरील ‘व्हर्जन्स’ या बटणातून ती परत आणून पाहावी. ही चाचणी यशस्वी होईपर्यंत महत्त्वाचे काम या व्यवस्थेवर सोपवू नये.

आणखी एक संरक्षण सिंकथिंग स्वतःच देते. प्रत्येक फोल्डरमध्ये ते एक लपलेली खूण ठेवते. बाहेरची डिस्क जोडलेली नसेल आणि तिच्या जागी रिकामा फोल्डर दिसत असेल, तर खूण न सापडल्यामुळे ते ‘सगळ्या फाइली पुसल्या’ असा अर्थ न लावता थांबते आणि त्रुटी दाखवते. ही त्रुटी दिसली की आधी डिस्क जोडलेली आहे का ते पाहावे. घाईने ती खूण हाताने पुन्हा तयार करणे म्हणजे रिकाम्या फोल्डरलाच खरा मानण्याची परवानगी देणे होय.

दोन ठिकाणी एकाच वेळी बदल

एकच फाइल दोन संगणकांवर, दरम्यान त्यांची भेट न होता, बदलली गेली तर सिंकथिंग मजकूर एकत्र करण्याचा प्रयत्न करत नाही. ज्या प्रतीची बदलाची वेळ अलीकडची, ती मूळ नावाने राहते. दुसरी प्रत त्याच फोल्डरमध्ये नावात ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ हे शब्द, त्यापुढे आठ अंकी तारीख, सहा अंकी वेळ आणि बदल करणाऱ्या संगणकाच्या आयडीतील पहिली सात अक्षरे अशी शेपटी लागून उरते. काहीही नष्ट होत नाही, पण आपले लक्ष गेले नाही तर अर्धे काम त्या शेपटीच्या फाइलीत पडून राहते. आठवड्यातून एकदा मुख्य फोल्डरमध्ये ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ हे शब्द रोमन लिपीत (sync-conflict) शोधावेत, दोन्ही प्रती शेजारी उघडून किंवा वर्डमधील ‘कंपेअर’ वापरून ताडाव्यात, हवा तो मजकूर मूळ फाइलीत घ्यावा आणि शेपटीची प्रत काढून टाकावी.

निवाडा वेळेवर होत असल्यामुळे सर्व संगणकांची घड्याळे इंटरनेटवरून आपोआप जुळवण्याची सेटिंग चालू असावी. घड्याळ तासभर पुढे असलेला संगणक एरवी लक्षात येत नाही, पण येथे त्याची जुनी प्रत नवी ठरते. जागा सोडण्यापूर्वी फाइल जतन करून बंद करावी आणि सिंकथिंगच्या पानावर ‘अप टू डेट’ दिसेपर्यंत मिनिटभर थांबावे. एकच दस्तऐवज अनेक माणसे एकाच वेळी संपादित करत असतील, तर मात्र ही पद्धत त्या कामासाठी नाही. त्यांनी एकत्र संपादनाचे साधन वापरावे.

घराबाहेरून

बाहेर असताना वेगळे काही करावे लागत नाही. संगणक एकमेकांना शोध-सर्व्हरमार्फत शोधतात आणि थेट वाट सापडली नाही तर स्वयंसेवकांनी चालवलेल्या रिले सर्व्हरमार्फत, म्हणजे मजकूर पुढे पोहोचवणाऱ्या मधल्या संगणकामार्फत, बोलतात. मजकूर दोन टोकांमध्ये कूटबद्ध असल्यामुळे रिले चालवणाऱ्याला तो वाचता येत नाही. रिलेची गती मात्र कमी असते. राउटरवर २२००० हा पोर्ट केंद्र-संगणकाकडे वळवला तर बहुधा थेट जोडणी मिळते. इंटरनेट पुरवठादार स्वतंत्र सार्वजनिक पत्ता देत नसेल तर हा उपाय चालत नाही आणि रिलेवरच भागवावे लागते. दस्तऐवजांसाठी तेवढे पुरते. ८३८४ हा नियंत्रणाचा पोर्ट मात्र इंटरनेटला कधीही उघडा करू नये.

बॅकअप

व्हर्जनिंग असले तरी केंद्र-संगणकाची डिस्क बिघडू शकते, म्हणून आठवड्यातून एकदा बाहेरची डिस्क जोडून केंद्रावरील सर्व फोल्डर, जुन्या आवृत्त्यांसह, आरसिंकने तिच्यावर उतरवावेत आणि डिस्क काढून वेगळ्या जागी ठेवावी. कायम जोडलेली डिस्क विजेच्या झटक्यात आणि रॅन्समवेअरच्या हल्ल्यात संगणकाबरोबरच जाते.

आरसिंकच्या आज्ञेत मूळ फोल्डरच्या नावाअखेर तिरकी रेघ दिली तर त्यातील मजकूर जातो, न दिल्यास तो फोल्डरच जातो. पहिल्या वेळी हा फरक गोंधळात टाकतो. ‘डिलीट’ हा पर्याय मूळ जागी नसलेल्या फाइली बॅकअपमधूनही काढतो, आणि मूळ डिस्क जोडलेली नसताना रिकाम्या फोल्डरवरून ही आज्ञा चालली तर आपला बॅकअपच रिकामा होतो. तेव्हा आधी प्रत्येक वेळी ‘ड्राय-रन’ या पर्यायाने काय घडणार आहे याची यादी पाहावी. त्याहून चांगले म्हणजे ‘लिंक-डेस्ट’ वापरून दर आठवड्याचा स्वतंत्र, तारखेच्या नावाचा फोल्डर करावा: न बदललेल्या फाइली आधीच्या फोल्डरमधील प्रतीशी जोडल्या जातात, नवी जागा बदललेल्या फाइलींनाच लागते आणि तरी प्रत्येक फोल्डर पूर्ण दिसतो. त्यासाठी डिस्कवर लिनक्सच्या ईएक्सटी४ सारखी, हार्ड लिंक (डिस्कवरील एकाच फाइलीला अनेक ठिकाणी नाव देणे) मानणारी फाइल-प्रणाली लागते. बाहेरच्या डिस्कवर अनेकदा असणाऱ्या एक्सफॅट या फाइल-प्रणालीवर हे होत नाही.

संगणक हरवला किंवा निकाली काढला

लॅपटॉप चोरीला गेला तर उरलेल्या प्रत्येक संगणकावरून त्याची नोंद त्याच दिवशी काढावी; त्यानंतर त्याला एकही नवा बदल मिळत नाही. त्याच्या डिस्कवर आधीच असलेल्या फाइली मात्र दूरून पुसता येत नाहीत, आणि म्हणून प्रवासात जाणाऱ्या प्रत्येक लॅपटॉपची संपूर्ण डिस्क विंडोजवर बिटलॉकर, मॅकवर फाइलव्हॉल्ट किंवा लिनक्सवर लक्स वापरून पहिल्या दिवसापासून कूटबद्ध ठेवावी. संगणक स्वतःहून निकाली काढताना क्रम महत्त्वाचा आहे: आधी तो पूर्ण सिंक झाल्याची खात्री करावी, मग सिंकथिंगमधून त्याची नोंद दोन्ही बाजूंनी काढावी आणि त्यानंतरच त्याची डिस्क पुसावी. नोंद तशीच ठेवून आधी फाइली पुसल्या, तर ती पुसापुशी इतर सर्व संगणकांवर पोहोचते.